काढलं, पाडलं, पुसलं की मुळासकट उपटलं?

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती आहेत, काढून टाकणं आणि नष्ट करणं यासाठी इंग्रजीत जी ढीगभर क्रियापदं आहेत त्यातलं कुठलं कुठे वापरायचं. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवते आणि ही जागा सगळी यालाच देते, कारण विषय दिसायला बारीक आहे पण यात चुकलं की नुसते परीक्षेतले मार्क जात नाहीत, कधी बाग जाते कधी ऑर्डर जाते.

प्रश्न : मॅडम, सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे, यंदा तेल्या आलाय. पोरानं मोबाईलवर एक इंग्रजी माहितीपत्रक काढून दिलं, त्यात रोगट फळं आणि फांद्या 'रिमूव्ह अँड डिस्ट्रॉय' करा असं लिहिलंय. रिमूव्ह म्हणजे पण काढून टाकणं आणि डिस्ट्रॉय म्हणजे पण तेच ना, मग दोनदा कशाला लिहिलंय? आम्ही फळं तोडून बांधावर टाकलीत. – एक शेतकरी, सांगोला तालुका

उत्तर : दादा, आधी ती बांधावरची फळं उचलायला लावा आणि मग पुढचं वाचा.

ही दोन वेगळी कामं आहेत. रिमूव्ह म्हणजे एका जागेवरून हलवणं, वस्तू तशीच्या तशी राहते फक्त होती तिथे राहत नाही. चप्पल रिमूव्ह करतो, डाग रिमूव्ह करतो, कुणाला पदावरून रिमूव्ह करतात, माणूस जिवंतच असतो. तुम्ही फळ झाडावरून काढलं म्हणजे रिमूव्ह झालं, पण तेल्याचा जिवाणू त्या फळात, पानात, काडीत तसाच आहे, आणि पाऊस आला वारं सुटलं की तोच परत झाडावर. म्हणून पुढे डिस्ट्रॉय लिहिलंय, म्हणजे त्या वस्तूची अशी अवस्था करा की तिचं काम संपलं पाहिजे, इथे जाळून टाका. नुसतं रिमूव्ह केलं तर रोगाची जागा बदलली, दोन्ही केलं तर रोगाचा साठा संपला. माहितीपत्रक लिहिणाऱ्यानं एकही शब्द फुकट घातलेला नाही.

तिथेच बहुतेक 'प्रून' पण असेल, ती छाटणी, झाड जगवण्यासाठी फांदी कापायची. आणि कात्रीसाठी 'डिसइन्फेक्ट' असेल, ते पण करा, एका झाडावरची कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावू नका. आजूबाजूला काहीजणांनी वैतागून अख्खी बागच काढली असेल तर त्याला 'अपरूट' म्हणतात, मुळासकट उपटणं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच आहे, औषधाचं त्यांनाच विचारा, माझं काम शब्दांपुरतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी एमपीएससी करतो. अभ्यासिकेत आमचा लई वाद व्हायलाय, एलिमिनेट आणि इरॅडिकेट एकच की वेगळे? गाईडमध्ये दोन्हीपुढे 'निर्मूलन करणे' असंच दिलंय. एक्सटर्मिनेट आणि एक्स्टिंक्ट पण जरा सांगा. – स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सात रस्ता

उत्तर : वेगळे आहेत, आणि सरकारी आरोग्य खात्याच्या कागदात तर अगदी मोजून मापून वेगळे आहेत, त्यामुळे तुम्हाला हे जीएसच्या पेपरला पण उपयोगी पडेल.

इरॅडिकेटच्या पोटात लॅटिनमधलं 'रॅडिक्स' आहे म्हणजे मूळ, मुळ्याला रॅडिश म्हणतात ते त्याच घरातलं. आपला 'निर्मूलन' अगदी तसाच बनलाय, मूळच ठेवायचं नाही. एलिमिनेटच्या पोटात 'लिमेन' आहे म्हणजे उंबरठा. उंबरठ्याबाहेर घालवलं, पण बाहेर कुठेतरी ते आहेच. आयपीएलमध्ये एलिमिनेटर हरलेली टीम स्पर्धेतून बाहेर जाते, टीम काही संपत नाही, पुढच्या वर्षी परत खेळायला येतेच की.

आता रोगांकडे बघा. देवी. शेवटची नैसर्गिक केस १९७७ मध्ये सोमालियात सापडली आणि ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य परिषदेनं देवी इरॅडिकेट झाली असं जाहीर केलं. म्हणजे सगळ्या जगात कुठेच नाही, म्हणून लस टोचणंही बंद. माणसाच्या रोगांपैकी आजपर्यंत हा एवढा एकच. जनावरांच्यात बुळकांडी, जिच्यामुळे आपल्याकडे जुन्या काळी दावणीच्या दावणी ओस पडायच्या, ती २०११ मध्ये इरॅडिकेट झाल्याचं जाहीर झालं.

पोलिओचं तसं नाही. भारतात शेवटची केस जानेवारी २०११ ची, मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं, पण शेजारी पाकिस्तान अफगाणिस्तानात विषाणू आहे. म्हणजे भारतातून एलिमिनेट झाला, जगातून इरॅडिकेट झाला नाही, आणि म्हणूनच अजून बूथ लागतात आणि बाळांना डोस द्यावे लागतात. "पोलिओ गेला म्हणतात मग डोस कशाला" असं विचारणाऱ्याला या दोन शब्दांतला फरक सांगितला की उत्तर मिळतं.

कुष्ठरोगाचं अजून निराळं आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर एलिमिनेशन गाठलं असं जाहीर झालं, पण तिथे एलिमिनेशनचा अर्थ दर १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. रोग शून्य झाला असा नाही. सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न म्हणून राहिला नाही असा. आणि गोंधळ असा की कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात मात्र इरॅडिकेशन आहे. लोकांनी 'संपला' असं ऐकलं तर अंगावरचा बधिर चट्टा कोण दाखवायला जाणार? मला हे फार महत्त्वाचं वाटतं, चुकीच्या शब्दानं माणूस दवाखान्यात उशिरा जातो.

मलेरियाचा इतिहास तर नुसत्या नावांवरून वाचता येतो. १९५३ ला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा नाव कंट्रोल, म्हणजे आटोक्यात ठेवणं. डीडीटीनं इतका फरक पडला की १९५८ मध्ये नाव बदलून इरॅडिकेशन केलं, आता मुळातूनच घालवू. मग डास डीडीटीला दाद देईनासे झाले, फवारणी ढिली पडली आणि १९७६ मध्ये देशात ६० लाखांहून जास्त केसेस. पुढे नावातून इरॅडिकेशन गेलंच, आणि २०१६ पासून जे उद्दिष्ट आहे त्यात शब्द एलिमिनेशन आहे, २०३० पर्यंत. टीबीच्या कार्यक्रमाचं नावही २०२० मध्ये कंट्रोलवरून एलिमिनेशन झालं. आपल्या आरोग्य खात्यानं मराठीत त्याला 'क्षयरोग दूरीकरण' म्हटलंय, हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात तिथेही 'दूरीकरण' असतं. हा शब्द कानाला जरा परका लागतो पण बरोबर आहे, दूर केलं, मूळ उपटलं असा दावा नाही. तुमच्या गाईडवाल्यानं हेच घ्यायला पाहिजे होतं.

आता एक्स्टिंक्ट. देवीचा रोग इरॅडिकेट झाला पण विषाणू एक्स्टिंक्ट झालेला नाही, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला अशा दोन प्रयोगशाळांत तो कुलपात ठेवलेला आहे, आणि तो डिस्ट्रॉय करायचा की नाही यावर जागतिक आरोग्य संघटनेत कित्येक वर्षं चर्चा चाललीय. एकाच देवीबद्दल तीन शब्द आणि तिन्ही आपापल्या जागी. प्राण्यांमध्ये बघायचं तर चित्ता. १९५२ मध्ये भारतातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं, पण आफ्रिकेत होता, इराणमध्ये थोडे होते, म्हणून त्याला नुसतं एक्स्टिंक्ट म्हणणं बरोबर नाही, एका प्रदेशातून समूळ जाण्याला 'एक्सटर्पेट' म्हणतात. आफ्रिकेत होता म्हणूनच तर २०२२ मध्ये कुनोत आणता आला. आपल्या नान्नजच्या माळढोकाबद्दल लिहिताना हा शब्द लक्षात ठेवा, आणि तो वापरायची पाळी आपल्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक्सटर्मिनेट किड्यामुंग्यांसाठी, उंदीर झुरळांसाठी, सगळेच्या सगळे मारून टाकणं. माणसांसाठी वापरला तर तो थेट वंशसंहार होतो. निबंधात हे फार जपा. 'एलिमिनेट पॉव्हर्टी' ठीक, 'इरॅडिकेट पॉव्हर्टी' त्याहून जोरकस, पण घाईत 'एलिमिनेट द पुअर' लिहून बसलात तर त्याचा अर्थ गरिबांना मारून टाका असा होतो. भिकाऱ्यांबद्दल, झोपडपट्टीबद्दल, निर्वासितांबद्दल लिहिताना हे होतं. रोग, प्रथा, चूक, दारिद्र्य यांना ही क्रियापदं लावा, माणसांना लावू नका.

प्रश्न : आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला मी मेल केला की जुने शटल लूम आम्ही डिस्ट्रॉय केलेत, नवीन बसवलेत, त्यामुळे तुमची दुसरी ऑर्डर पण डिस्ट्रॉय केलीय, नवीन सॅम्पल पाठवतो. तिकडून लगेच फोन, आग लागली का, इन्शुरन्स आहे का, अॅडव्हान्सचं काय. काय लिहायला पाहिजे होतं? – एक कारखानदार

उत्तर : काका, त्यांची काही चूक नाही. डिस्ट्रॉय वाचलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर आग, पूर, हाणामारी येते. त्यांना वाटलं माग जळाले आणि तयार माल पण गेला.

मागाचं तुम्ही खरं काय केलंत यावर शब्द ठरतो. पट्टे काढले, बीम उतरवला, जॅकार्ड वेगळं केलं, नटबोल्ट खोलून सांगाडा सुटा केला, हे 'डिसमँटल', जोडलेलं परत सुटं करणं, मनात आणलं तर दुसरीकडे नेऊन परत जोडताही येतं. भंगारवाल्याला किलोवर घातलंत तर 'स्क्रॅप', आपण मोडीत काढलं म्हणतो ते हेच, त्यात माग म्हणून किंमत संपली, लोखंड म्हणून उरली. दुसऱ्या कारखान्याला चालू माग विकलेत तर सरळ 'सोल्ड', तिथे नष्टबिष्ट काहीच नाही. आणि हे सगळं नवीन बसवण्यासाठी केलं असेल तर गिऱ्हाइकाला खरं म्हणजे एकच शब्द पाहिजे होता, 'रिप्लेस'. वुई हॅव रिप्लेस्ड अवर ओल्ड शटल लूम्स. बस, ऐकणारा खूश होतो, कारण यात गेलेल्यापेक्षा आलेलं दिसतं.

ऑर्डर 'कॅन्सल' होते. या शब्दाच्या मुळाशी जाळी आहे, लिहिलेल्यावर आडव्या उभ्या रेघा मारून ते रद्द करायचे, त्या रेघांची जाळी. आपण बँकेत केवायसीला कॅन्सल्ड चेक देतो, दोन रेघा मारून, तो चेक फाडत नाही जाळत नाही, त्यावरचं नाव, खाते नंबर सगळं वाचता येतं, उलट ते वाचता यावं म्हणूनच देतो, फक्त त्यानं पैसे निघत नाहीत. कॅन्सल म्हणजे एवढंच, वस्तू आहे पण तिचा अंमल संपला. तो चेक तुम्ही डिस्ट्रॉय केलात तर बँक काय घेणार?

अजून एक, एखादी डिझाईन तुम्ही यापुढे काढणार नसाल तर 'डिसकंटिन्यू' लिहा, पाठवलेला माल खराब निघून परत मागवत असाल तर 'रिकॉल'. आणि आजच त्यांना दुसरा मेल टाका, फोनवर सांगितलं असलं तरी लिहून असू द्या.

प्रश्न : डिमॉलिश आणि डिस्ट्रॉय यात फरक काय? आमच्या कॉलेजच्या वॉलपेपरसाठी कारखान्याच्या चिमणीवर लिहिलं तर सरांनी डिस्ट्रॉइड खोडून डिमॉलिश्ड केलं. – बीएची विद्यार्थिनी, विजापूर रोड

उत्तर : सरांचं बरोबर आहे. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली तेव्हा आधी आदेश निघाला, परिसर मोकळा केला, बुडाला भोकं पाडून स्फोटकं भरली आणि मग ती खाली आणली. बांधलेली गोष्ट माणसानं ठरवून, हिशेबानं पाडली की डिमॉलिश. पाडू नये असं वाटणाऱ्यालाही हाच शब्द वापरावा लागतो, दुःख किंवा राग दुसऱ्या वाक्यात लिहायचा.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी मात्र डिस्ट्रॉय. भूकंपाला कुणी नोटीस काढत नाही. पहाटे चारच्या सुमाराला धक्का आला, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, घरासकट संसार गेले, आपल्याकडेही लोक घराबाहेर पळाले होते हे घरातल्या मोठ्यांना विचार. तिथे डिमॉलिश लिहिलंस तर वाचणाऱ्याला कुणीतरी ती गावं पाडली असं वाटेल. घरं 'कोलॅप्स' झाली असंही म्हणता येतं, पण ते आपली आपण कोसळणं, त्याला पाडणारा लागत नाही.

डिमॉलिश फक्त बांधकामाला आणि कधीमधी कुणाच्या युक्तिवादाला किंवा मॅचमध्ये समोरच्या टीमला. डिस्ट्रॉय मात्र कशालाही लागतं, पीक, पुरावा, अब्रू, तब्येत, मैत्री. एक बारीक सूचना, 'रेझ' (raze) म्हणजे भुईसपाट करणं आणि 'रेज' (raise) म्हणजे उभारणं, उच्चार दोन्हीचा सारखाच आणि अर्थ बरोब्बर उलटे, म्हणून भाषणात रेझ वापरूच नकोस, लिहिताना वापर आणि स्पेलिंग दोनदा बघ. रेझ, इरेझ आणि दाढीचं रेझर हे तिघं एकाच 'खरवडणे'तून आलेत, पूर्वी चामड्यावर लिहिलेलं खरवडून काढायचे तेच इरेझ.

आणि 'डेसिमेट' जपून. रोमन सैन्यात शिक्षा म्हणून दहातल्या एकाला मारायचे त्यावरून तो आला, आज अर्थ फार मोठा भाग मारला जाणं किंवा नष्ट होणं असा झालाय, पण 'कम्प्लीटली डेसिमेटेड' लिहू नये, सगळंच गेलं असेल तर 'अॅनिहिलेट' आहे, त्यात शून्यच बसलंय.

प्रश्न : मराठीत आपण सगळ्यालाच रद्द म्हणतो, कायदा रद्द, लायसन रद्द, गाडी रद्द, निकाल रद्द. इंग्रजीत अर्ज लिहिताना अडायला होतं. – निवृत्त कर्मचारी, बुधवार पेठ

उत्तर : कोण रद्द करतंय ते आधी बघायचं, म्हणजे निम्मं काम होतं.

विधिमंडळानं किंवा संसदेनं आपलाच कायदा मागे घेतला तर 'रिपील', तीन कृषी कायदे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये संसदेनं रिपील केले. कोर्टानं घटनेविरुद्ध ठरवून कायदा घालवला तर 'स्ट्राइक डाउन', आयटी कायद्यातलं ६६अ सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये असं घालवलं. खालच्या कोर्टाचा किंवा अधिकाऱ्याचा आदेश वरच्या कोर्टानं मोडला तर 'क्वॅश' किंवा 'सेट असाइड'. ज्यानं लायसन दिलं त्यानंच काढून घेतलं तर 'रिव्होक', पण आपल्या कार्यालयांत 'कॅन्सल' पण सर्रास चालतं, ते चुकीचं नाही. गाडी कॅन्सल. कर्फ्यू, बंदी, १९३० मध्ये सोलापुरात लागला होता तो मार्शल लॉ, हे सगळं 'लिफ्ट' होतं, आपण पण उठवला असंच म्हणतो.

'अबॉलिश' या सगळ्यांपेक्षा मोठा. प्रथा, संस्था, पद, हक्क यांना लागतो. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये अबॉलिश झाले. आणि घटनेचं कलम १७, अस्पृश्यतेला तिथे इंग्रजीत 'अबॉलिश्ड' हाच शब्द आहे. पण वाक्य तिथे थांबत नाही हे बघा, लगेच पुढे म्हटलंय की तिचं कुठल्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध आहे, आणि अस्पृश्यतेतून येणारं कुठलंही बंधन कुणावर लादणं हा कायद्यानं शिक्षेचा गुन्हा आहे. घटना लिहिणाऱ्यांना माहीत होतं की अबॉलिश केल्यानं कायद्यातली जागा जाते, गावातली आणि मनातली जात नाही. तिथे इरॅडिकेटेड लिहिलं असतं तर ते १९५० मध्ये खरं नव्हतं. म्हणून अर्जात 'इट इज अबॉलिश्ड बट नॉट इरॅडिकेटेड' असं कुणी लिहिलं तर ते शब्दांचा खेळ म्हणून सोडू नका, तक्रार त्यातच आहे.

संसदेच्या कामकाजातून वाक्य काढलं तर 'एक्सपंज', नोंदीतून काढलं, बोललेलं माणसानं ऐकलेलं असतंच.

प्रश्न : नातीनं व्हॉट्सअॅप घालून दिलंय. डिलीट, रिमूव्ह, क्लिअर, एक्झिट असं काय काय येतं, भीती वाटते काहीतरी जाईल म्हणून. – एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर : आजी, 'क्लिअर चॅट' केलं तर आतले मेसेज जातात, नाव यादीत राहतं. 'डिलीट चॅट' केलं तर तुमच्या फोनवरच्या यादीतूनही जातं, समोरच्याच्या फोनवर काही होत नाही. 'डिलीट फॉर एव्हरीवन' एका मेसेजपुरतं असतं आणि ते लवकर करावं लागतं, तोवर कुणी वाचला असेल तर वाचला. 'एक्झिट ग्रुप' म्हणजे तुम्ही आपणहून बाहेर पडलात, 'रिमूव्ह' म्हणजे अॅडमिननं तुम्हाला बाहेर काढलं, ग्रुप चालूच राहतो.

फोन कुणाला द्यायचा किंवा विकायचा असेल तर मात्र एकेक फोटो डिलीट करत बसू नका, कारण नुसतं डिलीट केलेलं बरेचदा आधी ट्रॅशमध्ये जातं आणि तिथून परत काढता येतं. नातीला सांगून फोटोंचा बॅकअप घ्या, खात्यातून साइन आउट करा आणि सेटिंगमधलं 'इरेझ ऑल डेटा' करून घ्या. आणि सिमकार्ड आधी काढून घ्या, ते इरेझमध्ये जात नाही, हातानंच काढावं लागतं.